क्रिल सोडला आणि हिरवं वाढलं

आईला अजून वाटतं मी बोटीवर जाऊन जवळा मोजते. दिसतो तसाच म्हणा, पण अंटार्क्टिक क्रिल ६ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि त्याने नुकतंच खाल्लेलं असेल तर काचेसारख्या अंगातून हिरवंगार पोट दिसतं.

त्या दिवशी जाळ्यात आलेल्यांची पोटं फिकट होती. तरी क्रिल पाण्यातलं शेवाळ किती खातो ते मोजायचा प्रयोग लावला. २० लिटरच्या कॅनमध्ये समुद्राचं पाणी, प्रत्येकात एक क्रिल, तीन कॅन नुसत्या पाण्याचे कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, कोल्ड रूममध्ये २४ तास. क्रिलला हात किंवा चिमटा लावायचा नाही, पाण्यासकट मगने उचलायचा, नाहीतर तो घाबरून खातच नाही. हे दहादा सांगूनही कुणीतरी चिमटा घेऊन येतोच.

मग पाणी गाळलं, फिल्टर रात्रभर ॲसिटोनमध्ये, फ्लुओरोमीटर (क्लोरोफिल मोजायचं यंत्र) लावला तर क्रिलवाल्या कॅनमध्ये क्लोरोफिल, म्हणजे शेवाळातलं हिरवं, कंट्रोलपेक्षा जास्त! म्हणजे खाण्याचा दर निगेटिव्ह. सर म्हणाले, "लेबलं उलटी लागली असतील, काढून टाक ते." आमच्याकडे आकडा पटला नाही की चूक ज्युनिअरचीच असते.

या वेळी प्रत्येक कॅनचं थोडं पाणी लुगोल (आयोडिनचं द्रावण) घालून ठेवलं होतं म्हणून वाचले. हलत्या बोटीवर मोजता येत नाही, परत आल्यावर दिवसभर नमुना तळाशी बसू दिला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. कंट्रोलमध्ये आयोडिनने तपकिरी झालेले सिलिएट, म्हणजे एकपेशी जीव, छोट्या शंकूसारखे, जिकडे तिकडे. क्रिलच्या कॅनमध्ये एक सापडायला किती वेळ स्लाइड सरकवत बसले! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. क्रिलच्या पायांची टोपली डायॅटमसारखं मोठं शेवाळ छान गाळते, पण अगदी बारीक शेवाळ तिच्यातून बरंचसं निसटतं. ते बारीक शेवाळ खातात सिलिएट, आणि सिलिएट खाल्ले क्रिलने. राखणदार गेला, शेवाळ फोफावलं. क्रिलने बाहेर टाकलेल्या अमोनियाचंही खत मिळालं असेल, तो वाटा मला वेगळा काढता आलेला नाही. पण क्रिल उपाशी नव्हता एवढं नक्की, आम्ही फक्त हिरवं मोजत होतो.

सरांना फोटो पाठवले, उत्तर आलं "इंटरेस्टिंग". बस.

मागच्या सफरीत असेच दोन कॅन आले होते. ते कुणी सांगायच्या आधीच मी एक्सेलमधून उडवले होते, लुगोलचा नमुनाही ठेवला नव्हता, आणि तो सरासरीचा आकडा पेपरात छापूनही झालाय.