रद्द झालेलं प्रमाणपत्र आत शिरलं तेव्हा

ग्रिड म्हणजे ठिकठिकाणचे संगणक जोडून मोठी कामं करणारं जाळं. त्यातल्या आमच्या नव्या केंद्राचं प्रवेशद्वार, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांची ओळख तपासणारा सर्व्हर, सुरू होण्याआधीची शेवटची चाचणी माझ्याकडे होती. सकाळ चांगली गेली. वैध प्रमाणपत्रावरून, म्हणजे वापरकर्त्याच्या डिजिटल ओळखपत्रावरून, प्रॉक्सी हे थोड्या वेळापुरतं ओळखपत्र बनलं, बारा तासांची नेहमीची मुदत दिसली, फाइली गेल्या-आल्या, जॉब, म्हणजे संगणकाला दिलेली कामं, रांगेत लागून पूर्णही झाले. सहकारी म्हणाला, "झालं की मग! उद्यापासून सुरू करू."

पण योग्य माणूस आत येतो, एवढ्यावर माझं समाधान होत नाही. ज्याला रोखायचं तो खरंच अडतो का, हे तपासल्याशिवाय मी कुठल्याच केंद्राला होकार देत नाही. म्हणून प्रमाणपत्राच्या जोडीची गुप्त खासगी किल्ली असलेली फाइल इतरांना वाचता येईल अशी मुद्दाम उघडी ठेवली. प्रॉक्सी बनवणारी आज्ञा तिथेच अडली. ग्रिड-मॅपफाइलमध्ये, म्हणजे परवानगी असलेल्यांच्या यादीत, नाव नसलेल्याला नकार मिळाला. मग चाचणीपुरतं एक प्रमाणपत्र ते देणाऱ्या प्रमाणन प्राधिकरणाकडून, म्हणजे सीएकडून, रद्द करून घेतलं. रद्द प्रमाणपत्रांची नवी यादी जाहीर झाल्याची खात्री केली आणि त्याच प्रमाणपत्राने जॉब पाठवला.

जॉब लागला, चालूही झाला. माझ्या पोटात गोळाच आला.

सर्व्हरवरची विश्वासू सीएंची डिरेक्टरी उघडली. प्रत्येक सीएच्या स्वतःच्या प्रमाणपत्राची '.०' ने संपणारी फाइल होती, त्या सीएने कुणाच्या प्रमाणपत्रांवर सही करायची हे सांगणारी सही-धोरणाची फाइल होती, '.आर०' मात्र एकही नव्हती. रद्द प्रमाणपत्रांची यादी त्या फाइलीत असते. ग्लोबस या ग्रिड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सुरक्षा प्रणालीत ही यादी असून तिची मुदत संपली, तर त्या सीएची सगळीच प्रमाणपत्रं नाकारली जातात. यादीच नसेल तर ती तपासणी गुपचूप वगळली जाते. मला यातला दुसरा प्रकार कितीतरी घातक वाटतो. पहिल्यात निदान लोक ओरडत येतात.

यादी आणणारा फेच-सीआरएल हा प्रोग्राम क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीत, लावलेला होता आणि वेळेवर चालतही होता. पण याद्या साध्या एचटीटीपीवरून येतात आणि या सर्व्हरवरून बाहेर जाणारं ८० क्रमांकाचं पोर्ट फायरवॉलने बंद होतं. प्रत्येक अपयशाची मेल रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या, पेटीत पडून होती, कुणी न उघडलेली.

पोर्ट उघडल्यावर याद्या आल्या. मग त्या रद्द प्रमाणपत्रावरून बनलेली जुनी प्रॉक्सी परत वापरली. तिची मुदत अजून शिल्लक होती, तरी ती नाकारली गेली, कारण तपासणी प्रॉक्सीपाशी न थांबता मूळ प्रमाणपत्रापर्यंत जाते. मला हायसं वाटलं.

मघाचा जॉब मात्र अजून चालतच होता. प्रवेशाची तपासणी दारावर होते. आत पोचलेलं काम यादी आली म्हणून थांबत नाही. तो रांगेतून हाताने काढून टाकला. प्रमाणपत्र रद्द झालं की त्या व्यक्तीचे चालू जॉब शोधून थांबवायचे, ही पायरी कार्यपद्धतीत घातली आणि यादीची मुदत संपत आली की इशारा येईल अशी सोय केली. केंद्र सुरू करण्याची तारीख मी पुढे ढकलायला लावली.