मागल्या दारानं

कोकणात स्टेशनच्या नावात ‘रोड’ आला की समजावं, गाव अजून लांब आहे. संगमेश्वर रोड, वैभववाडी रोड, राजापूर रोड, सावंतवाडी रोड. रेल्वेनं आपल्याला रस्त्यावर सोडलेलं असतं, पुढचं आपण आणि रिक्षावाला बघून घ्यायचं. म्हणून राजापूरला जायचं ठरलं त्या वेळी मी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली. गाडीनं पहाटे साडेचारला मला हायवेवर उतरवलं आणि ‘राजापूर आलं’ असं सांगून ती निघून गेली. राजापूर कुठंच दिसत नव्हतं. काळोख होता आणि एक कुत्रं होतं.

उजाडल्यावर कळलं की गाव खाली आहे. हायवे वरून जातो आणि राजापूर अर्जुना नदीच्या काठाला, उतारावर धरून ठेवल्यासारखं बसलंय. जांभ्याच्या पाखाडीनं, म्हणजे दगडी पायवाटेनं, उतरायला लागलो. एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला घरं. पण घरांचं काय दिसत होतं, तर न्हाणीघर, बंबाचा धूर, दोरीवरचे पंचे, उष्टी-खरकटी भांडी. एक आजी चुलीपुढं फुंकणी घेऊन बसल्या होत्या, त्यांनी मान वर करून ‘कोणाकडे आलात?’ म्हणून विचारलं. कोकणात हा प्रश्न टळत नाही आणि ‘कोणाकडे नाही, गाव बघायला आलोय’ हे उत्तर कुणाला पटत नाही. त्यांनाही पटलं नाही. ‘गावात काय बघायचंय? गंगा आलीय का?’ म्हणाल्या. जवळच्या उन्हाळे गावात अधूनमधून जमिनीतून पाणी प्रकटतं, ती ही गंगा. ती आलेली नव्हती.

पाहुण्यानं पुढच्या ओटीवरून यावं, तर मी थेट न्हाणीच्या बाजूनं गावात शिरलो होतो. हे तेव्हा नुसतंच अवघडल्यासारखं वाटलं, त्याचा अर्थ खाली पेठेत गेल्यावर लागला.

पेठेत नदीच्या बाजूचं एक जुनं किराणा दुकान होतं. दुकानाला शटर नव्हतं, खाचेत एकेक सरकवून बसवायच्या लाकडी फळ्या होत्या आणि प्रत्येक फळीवर चुन्यानं आकडा घातलेला. मालक वयस्कर. फळ्या काढताना ते एक, दोन, तीन न जाता आधी सात काढत होते. ‘सातवी फुगते पावसात, ती आधी निघाली तर बाकीच्या निघतात.’ आत अंधार, गुळाचा आणि सुक्या मासळीचा मिसळलेला वास. भिंतीवर खडूच्या आडव्या रेघा होत्या. मला वाटलं नातवंडांची उंची मोजलीय. ती पुराची होती. पावसाळ्यात नदी पेठेत येते, हे इथं बातमीसारखं सांगत नाहीत, दिवाळी येते तसं सांगतात. पाणी चढायला लागलं की माल माळ्यावर जातो, उतरलं की चिखल काढायचा, फळ्या वाळवायच्या, पुन्हा दुकान मांडायचं. ‘मग वर, हायवेला का नाही नेत दुकान?’ मी शहाणपणानं विचारलं. त्यांनी मला हाताला धरून मागं नेलं.

मागं दार होतं, पुढच्या दारापेक्षा रुंद. उंबऱ्याचा जांभा मधोमध घासून पन्हळीसारखा खोल झालेला. तिथून पायऱ्या नदीत उतरत होत्या. ‘हे मागलं नव्हे हो,’ ते म्हणाले. ‘हे पुढलं. माल इथनं यायचा. तुम्ही आलात ती मागली बाजू.’

हे ऐकलं आणि अख्खं गाव डोक्यात उलटं फिरून बसलं. कोकणातली जुनी गावं पाण्याकडे तोंड करून बांधलेली आहेत आणि आपण सगळे, हायवेवाले नि रेल्वेवाले, त्यांच्या परसातून आत शिरतो. वर म्हणतो, गाव जरा गबाळंच आहे. इंग्रजांनी राजापुरात वखार घातली ती काही हवापालटाला नव्हे. घाटावरून बैलांच्या पाठीवर मिरी आणि कापड उतरायचं, खाडीनं जहाजांपर्यंत जायचं. पैसा होता तशा उचापतीही होत्या. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या बाजूनं तोफा डागायला गेलेले इंग्रज याच वखारीतले. पुढच्या वर्षी महाराज राजापुरात उतरले तेव्हा वखार लुटली गेली आणि इंग्रज कैदेत गेले. आपण हे शाळेत वाचतो ते पन्हाळ्याच्या बाजूनं. राजापूरच्या पायरीवर उभं राहिलं की कळतं, तो सगळा प्रकार दुकानदारीतून निघालेला होता.

पायरीच्या कडेला जुन्या कौलांची चळत लावलेली होती. एक उचलून उलटं केलं. शेवाळ नखानं खरवडल्यावर इंग्रजी अक्षरं निघाली, बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५. मी हरखलो. कौल १८६५ चं नव्हे, ते कारखान्याचं साल. मंगळूरला मिशनऱ्यांनी कारखाना काढला त्या वर्षाचा शिक्का पुढं कित्येक वर्षं कौलांवर उठत राहिला. तरी मंगळूरची माती इथं आलीय आणि ती समुद्रानं आलीय, एवढं काय कमी आहे? त्याआधी घरांवर नळे, म्हणजे अर्धगोल कौलं, असायचे. ते दर वर्षी पावसाच्या आधी परतायचे, फुटके बदलायचे, म्हणजे शाकारणी. मंगलोरी कौलं एकमेकांत अडकून बसतात, म्हणून लोकांना ती देवासारखी वाटली असणार. आता माकडं ती फोडतात आणि लोक वैतागून निळे पत्रे घालतात. मला पत्रे आवडत नाहीत, पण माझ्या घरावर माकडं नाचत नाहीत, तेव्हा मी फार बोलू नये.

जांभ्याचंही असंच. खाणीतून काढताना तो मऊ असतो, चिरा तासता येतो, मग वाऱ्याउन्हानं कडक होत जातो. नवी घरं त्यावर सिमेंटचा गिलावा चढवतात आणि वर विटांचे पट्टे रंगवतात. हे मात्र बोलतोच: जांभ्यावर विटा रंगवणं म्हणजे हापूसला आंब्याचं इसेन्स लावणं.

त्यानंतर मला सवयच लागली, गावात गेलो की आधी त्याचं तोंड कुठं आहे ते शोधायचं. वेंगुर्ल्यात हे सोपं गेलं. तिथं सतराव्या शतकातल्या डच वखारीच्या पडक्या भिंती झाडांच्या मुळांनी धरून ठेवल्यात. आंबोली घाटाचा रस्ता झाला तो वेंगुर्ल्याच्या बंदरातला माल बेळगावला चढवायला. आपण आंबोलीहून खाली ‘उतरतो’, पण तो रस्ता मनानं खालून वर जाणारा आहे. रेवदंड्यात तर डांबरी रस्ता पोर्तुगीज कोटाच्या भिंतीतून आत घुसतो आणि कोटाच्या पोटात नारळी-पोफळीच्या वाड्या आणि शाळा.

राहून राहून वाटायचं की राजापूरला एकदा तरी पुढल्या दारानं जायचं. म्हणून गेल्या थंडीत जैतापूरला गेलो, खाडीच्या तोंडाशी. धक्क्यावर एक खारवी जाळं शिवत बसले होते. त्यांना विचारलं, होडीनं राजापूरपर्यंत सोडाल का, पैसे काय ते सांगा. त्यांनी जाळ्यातली सुई थांबवली नाही.

‘राजापुरात काय काम?’

‘काम नाही. पाण्यानं जायचंय.’

‘अर्ध्यावर जाईल होडी. पुढं गाळ हाय. भरती बघून जायला लागतं, मंग परत यायला भरती बघा.’ मग माझ्या बॅगेकडे, बुटांकडे बघून त्यांना दया आली असावी. ‘राजापुरातच जायचाय ना तुमाला? मंग एष्टी हाय ना सव्वादहाची. वर नाक्यावर ऱ्हावा.’

सव्वादहाची पावणेअकराला आली. खिडकीतून खाडी दोन वेळा दिसली आणि मग डोंगराआड गेली. राजापूरला उतरलो आणि पाखाडीनं खाली निघालो. आजी बंबात ढलप्या घालत होत्या.

‘आलात? आता कोणाकडे?’