कल्पा ते काझा: मित्रांचा गट, सायकली आणि ‘नाही’ म्हणणारा गाइड

हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात सायकल चालवायची असेल तर किन्नौरकडून शिरा, मनालीकडून नको. मनालीहून निघालं की एक-दोन दिवसांत साडेचार हजार मीटरच्या वरची कुंझुम खिंड समोर येते आणि शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळच मिळत नाही. शिमल्याच्या बाजूने, म्हणजे किन्नौरमार्गे, मुक्काम हळूहळू वर सरकतात. टूरवाले निवडताना आम्ही पहिला प्रश्न हाच विचारला आणि ‘दोन्हीकडून सारखंच आहे’ म्हणणारे तिथेच गळाले.

आमचा गट कॉलेजपासूनचा. त्यात दोनशे-तीनशे किलोमीटरच्या बीआरएम (ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड) मारणारा एक गडी, रविवारची हौस म्हणून सायकल काढणारे दोघं-तिघं आणि सायकलपेक्षा डोंगरात चालणं आवडणाऱ्या दोघी. एवढ्या कमीजास्त दमाच्या लोकांना एकत्र न्यायचं तर रोज सकाळी वाद ठरलेला. गाइड घेण्याचं खरं कारण रस्ता चुकण्याची भीती हे नाहीच. रस्ता इथे एकच आहे. ‘आज तू थांब’ हे मित्राने मित्राला सांगितलं की राग येतो, बाहेरच्या माणसाने सांगितलं की ऐकलं जातं. पैसे त्याचे द्यायचे.

काळ जूनचा दुसरा पंधरवडा. स्पिती पर्जन्यछायेत असली तरी तिथे पोचण्याचा किन्नौरचा रस्ता जुलै-ऑगस्टच्या पावसात दरडींमुळे वारंवार बंद पडतो. आणि जूनच्या आधी गेलात तर कुंझुम उघडलेली असेलच असं नाही.

शिमला ते रेकाँग पिओ गाडीने केलं, तेच तुम्हीही करा. सतलजच्या काठचा हा रस्ता वीजप्रकल्पांच्या ट्रकांनी आणि धुळीने भरलेला असतो. तिथे पॅडल मारण्यात काही पुण्य नाही. कल्पा (2960 मीटर) इथे दोन रात्री काढल्या. समोर किन्नर कैलास, वर देवदार आणि चिलगोज्याचं जंगल. मधल्या दिवशी सायकलींना हात न लावता गावामागच्या पायवाटेने वर चढलो आणि झोपायला खाली आलो. हा चालण्याचा दिवस म्हणजे पुढच्या चढाची तयारी असते. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला आहे आणि नाको हे पुढच्या मुक्कामाचं गाव 3660 मीटरवर आहे. म्हणून कल्प्याला एकच रात्र दाखवणारा कार्यक्रम हातात आला तर तो बदलून घ्या.

नाकोचा दिवस सगळ्यात अवघड. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते, तिथून रस्ता उघड्याबोडक्या कड्यावर वळणं घेत हजारेक मीटर चढतो. सावली नाही, झाड नाही. बीआरएमवाला सगळ्यांच्या आधी पोचला आणि रात्री त्याने ताट बाजूला सारलं. डोकं दुखतंय हे त्याने कबूल केलं नव्हतं, पण गाइडची नजर ताटावर होती. ‘परसों आप गाड़ी में,’ एवढंच तो म्हणाला. आमच्यापैकी कुणी म्हटलं असतं तर अर्धा तास तंटा झाला असता. तंदुरुस्त माणसाला विरळ हवा लागत नाही हा गैरसमज आहे. उलट तोच घाईने वर जातो. दुसऱ्या रात्रीपर्यंत तो बरा झाला. नाकोलाही दोन रात्री ठेवल्या होत्या म्हणून सगळ्यांचंच निभावलं. डोकेदुखीसोबत उलट्या किंवा चालताना तोल जाणं दिसलं तर मात्र वाट न बघता खाली उतरायचं. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यायची की नाही हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारा, गटातल्या अनुभवी मित्राला नको.

ताबो (3280 मीटर) म्हणजे विश्रांती. इथला मठ इ. स. 996 मध्ये उभा राहिला. मातीच्या भिंती बाहेरून अगदी साध्या, आत भित्तिचित्रं. आत फोटो काढायला मनाई आहे, टॉर्च मात्र न्या. तिथून धनकरचा घाट चढून गेलो आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या मठामागच्या वाटेने तळ्यापर्यंत चाललो. तासा-दीड तासाचा चढ आहे. चालण्यातल्या आमच्या दोघी इथे सगळ्यांच्या पुढे होत्या आणि सायकलवाले माना खाली घालून मागे. गटाचा समतोल अशाच दिवसांनी राखला.

काझा हे स्पितीचं मुख्य गाव. त्याच्या वर लांग्झा, हिक्किम, कोमिक ही गावं 4400 मीटरच्या आसपास किंवा त्याहून उंच आहेत. आम्ही लांग्झा ते कोमिक पायी गेलो, सायकली गाडीने वर आणल्या आणि कोमिकहून काझ्यापर्यंत नऊशे मीटरच्या आसपासचा उतार सायकलवर उतरलो. सहलीतला हा सर्वांत सुंदर दिवस, आणि फक्त सायकलची किंवा फक्त ट्रेकची सहल घेतली तर नेमका तोच हुकतो. लांग्झ्याच्या मातीत हिमालय होण्याआधीच्या टेथिस समुद्रातले अमोनाइट (शंखासारखे जीवाश्म) सापडतात, आपण शाळिग्राम म्हणतो ते. पोरं विकायला आणतात. घेऊ नका, ते नेण्यास बंदी आहे.

सायकलीबद्दल थोडं. पुढे सस्पेन्शन असलेली एमटीबी (माउंटन बाइक), डिस्क ब्रेक, पुढची चकती 32 दातांची किंवा त्याहून लहान आणि मागे निदान 46 दातांचा गिअर हवा. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका, दाबा-सोडा करत या. जादा ब्रेक पॅड जवळ हवेतच. टूरवाल्यांना एवढं नक्की विचारा: गाइड स्वतः सायकलवर असतो की गाडीत? गाडीत सगळ्यांना एकाच वेळी बसायला जागा आहे का? ऑक्सिजन सिलेंडर आणि ऑक्सिमीटर आहे का? रोख पैसे शिमल्यातूनच न्या, कारण काझ्याच्या एटीएमवर विसंबता येत नाही. दुपारनंतर दरीत वारा सुटतो, त्यामुळे सहाला निघणं फायद्याचं. सकाळी उठायला कुरकुरणाऱ्या मित्रांना हे आधीच सांगून ठेवा.

परतीला लोसर गावाहून कुंझुमपर्यंतचे अठरा-एकोणीस किलोमीटर पॅडल मारलं. पुढे मनालीच्या बाजूच्या ग्रांफूपर्यंत रस्ता म्हणजे दगड आणि ओढे. ऊन चढलं की बर्फ वितळून ओढ्यांचं पाणी वाढतं, म्हणून गाइडने खिंडीतच सायकली टपावर बांधल्या. दोघांनी तोंडं पाडली, पण गाडीत बसले. मनालीला पोचल्यावर पुढच्या प्रवासाचं तिकीट निदान दोन दिवस सोडून काढा. ओढ्याने रस्ता अडवला तर गाड्या दिवसदिवस अडकून पडतात.