ओकायामातलं एक वर्ष: जपानी शिकायला निघालेल्यांसाठी

पहिल्याच आठवड्यात, सकाळी मी दाराला कुलूप लावत असताना शेजारचा शाळकरी मुलगा बूट घालता घालता आत ओरडला, "इत्ते किमासु!" हे वाक्य मी पुण्यातच पाठ केलं होतं. घरातून निघताना म्हणायचं, एवढंच माहीत होतं. त्याची फोड कधी केलीच नव्हती. 'इत्ते' म्हणजे जाऊन, 'किमासु' म्हणजे येतो. जाऊन येतो! आमच्या घरी दारातून कुणी 'जाते' म्हणालं की आजी लगेच म्हणायची, "जाते म्हणू नये, येते म्हणावं." वर्गात पोहोचेपर्यंत माझं ठरलं होतं की यापुढे जपानी इंग्रजीच्या वाटेनं शिकायचं नाही, मराठीच्या वाटेनं शिकायचं. तिकडे जाणाऱ्या मराठी मुलामुलींना सगळ्यात आधी मी हेच सांगेन. पण त्याआधी कागदपत्रांचं बघू, कारण पहिले दोन महिने डोक्यात तेच असतं.

बहुतेकजण तोक्योला जातात. मी पश्चिम जपानमधलं ओकायामा निवडलं. एक कारण भावनेचं होतं. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, ज्या कोराकुएन बागेवरून घडवलं ती बाग या गावात आहे. दुसरं कारण खर्चाचं. इथे घरभाडं तोक्योपेक्षा बरंच कमी आहे, गाव सपाट आहे आणि सायकलवर सगळीकडे जाता येतं. कानसाई विमानतळावर उतरून हारुका गाडीनं शिन-ओसाका गाठायचं, तिथून शिंकानसेन या बुलेट ट्रेननं पाऊण तासात ओकायामा.

तयारी किमान सहा महिने आधी सुरू करा. भाषाशाळांमध्ये प्रवेश साधारणपणे एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत होतात, आणि वर्षाची फी सात-आठ लाख येनच्या घरात जाते. शाळा तुमच्या वतीनं जपानच्या इमिग्रेशनकडून पात्रतेचं प्रमाणपत्र मिळवते, ते हातात आल्यावरच व्हिसाचा अर्ज करता येतो. त्या प्रमाणपत्राची मुदत तीन महिन्यांची असते. खर्च उचलणाऱ्या पालकांचे बँकेचे कागद बारकाईनं तपासतात, शेवटच्या क्षणी खात्यात भरलेली मोठी रक्कम नजरेत भरते. बऱ्याच शाळा दीडशे तासांचा अभ्यास किंवा जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-5, म्हणजे सगळ्यात सोपी, पातळी मागतात. मी तर म्हणेन, त्याच्या वरची एन-4 करूनच निघा. ही परीक्षा पुण्यात जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. जो पाया घरी बसून घालता येतो त्यासाठी तिथे येन मोजू नयेत.

विमानतळावरच रहिवासी कार्ड मिळतं. त्याच खिडकीजवळ अर्धवेळ कामाच्या परवानगीचा अर्जही भरा, म्हणजे नंतर इमिग्रेशनला खेटा घालावा लागत नाही. परवानगी आठवड्याला 28 तासांची असते आणि ती मर्यादा फार गांभीर्यानं घ्यायची, दोन ठिकाणी काम केलं तर दोन्हीकडचे तास मिळून मोजतात. घर मिळाल्यापासून 14 दिवसांत पालिकेत पत्ता नोंदवायचा. तिथेच राष्ट्रीय आरोग्य विमा घ्यायचा, मग डॉक्टरच्या बिलातले 30 टक्केच आपल्याला भरावे लागतात. वय वीस पूर्ण असेल तर पेन्शनचा हप्ताही लागू होतो. विद्यार्थ्यांना त्यातून सवलत मिळू शकते, पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. या कामांचा क्रम चुकवू नका: आधी पालिका, मग फोन नंबर, मग बँक.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. आपलं नाव काताकानात, म्हणजे परदेशी शब्दांसाठीच्या जपानी लिपीत, कसं लिहायचं ते पहिल्या दिवशीच ठरवा आणि सगळीकडे तसंच लिहा. जपानीत 'ळ', 'ण' नाहीत आणि 'व' आपल्यासारखा नाही. पालिकेत 'वा', बँकेत 'बा' आणि शाळेत तिसरंच असं झालं की प्रत्येक ठिकाणी कागद परत येतो. माझा एक सबंध आठवडा यात गेला.

सामानात काय घ्यावं? मिक्सर नको, तिथे वीज 100 व्होल्टची आहे. ताजा कढीपत्ता, बिया, फळं यांना तपासणीचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे ती घेऊच नका. मांसाचे पदार्थही चालत नाहीत. डॉक्टरनं लिहून दिलेली औषधं महिनाभरापेक्षा जास्त न्यायची असतील तर आधी परवानगी काढावी लागते, आणि आपल्याकडची खोकल्याची काही औषधं तिथे अजिबात चालत नाहीत. गोडा मसाला मात्र भरपूर न्या.

आता भाषा. वर्गात आम्ही नेपाळ, व्हिएतनाम, श्रीलंका, म्यानमार अशा ठिकठिकाणचे होतो. शिकवणं पहिल्या दिवसापासून जपानीतच. मी वहीत इंग्रजी अर्थ लिहायचे आणि क्रियापदांच्या जोड्यांपाशी येऊन अडायचे. इंग्रजी सोडली आणि त्या पानांत आपलीच भाषा दिसायला लागली. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणं, आणि 'मिरु' म्हणजे बघणंच. 'कात्ते ओकु' म्हणजे विकत आणून ठेवणं, यातलं 'ओकु' म्हणजे ठेवणं. 'मोत्ते कुरु' म्हणजे घेऊन येणं. इंग्रजीत यातल्या प्रत्येकासाठी अर्धं पान समजवावं लागतं, मराठीत एक ओळ पुरते. 'निहोंगो गा देकिरु' मधला 'गा' इंग्रजीतून येणाऱ्यांना महिनोन्‌महिने छळतो. आपण 'मला जपानी येतं' म्हणतो, 'मी जपानी येतो' म्हणत नाही, तेवढं आठवलं की 'गा' आपला होतो. क्रियापद शेवटी, विभक्ती शब्दाच्या मागे, ही तर घरचीच रचना. आणि ते दुहेरी शब्द! 'पिकापिका' म्हणजे चकचकीत, 'झाआझाआ' म्हणजे धो धो, 'शितोशितो' म्हणजे रिमझिम, 'दोकिदोकि' म्हणजे धडधड. माझ्या वहीत त्यांची दोन पानं भरली होती आणि एकाही शब्दाला मराठी जोडीदार शोधायला वेळ लागला नाही.

मराठी कुठे कमी पडते तेही सांगते. कांजीला, म्हणजे चिनीतून आलेल्या चित्राक्षरांना, इलाज नाही, रोज दहा लिहायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या चार पुन्हा लिहायच्या. दुसरं म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ. आपण ते लिहिताना पाळतो, बोलताना सोडून देतो. जपानीत 'ओबासान' म्हणजे काकू, 'ओबाआसान' म्हणजे आजी. स्वर मोजून बोलायची सवय लागायला मला चार महिने लागले. टाळी वाजवत म्हणायचं: प्रत्येक मात्रेला एक टाळी.

शिवाय शाळेतली भाषा आणि गल्लीतली भाषा वेगळी. 'खूप'साठी आम्हाला 'तोतेमो' शिकवलं होतं, बाजारात ऐकू आलं 'देएरेए'. हे ओकायामाचं 'लई' आहे. पुस्तकातली मराठी शिकून कोल्हापुरात उतरलेल्या माणसासारखी माझी अवस्था झाली, पण एकदा 'देएरेए' म्हणायला लागल्यावर भाजीवाल्या काकू दुप्पट बोलायला लागल्या.

कामासाठी एका लहान दुकानात मुलाखत दिली. मालक फार प्रेमानं बोलले, शेवटी म्हणाले, "कांगाएते ओकिमासु." विचार करून ठेवतो. मी दोन आठवडे फोनची वाट पाहिली. शिक्षिकेला विचारलं तेव्हा त्यांनी हळूच सांगितलं की तो नकार होता. खोलीवर आल्यावर लक्षात आलं, आपल्याकडे स्थळाला 'बघतो, कळवतो' म्हणतात ते याच सुरात. 'चोत्तो...' म्हणून वाक्य अर्धवट सोडणं म्हणजे आपलं 'जरा अवघडच आहे हो'. समोरचा बोलत असताना मध्ये मध्ये 'हाइ, हाइ' म्हणत राहायचं असतं, त्याचा अर्थ 'मान्य' असा नसून तो नुसता हुंकार असतो, गोष्ट ऐकताना आपण देतो तसा. हुंकार दिला नाही तर फोनवरचा माणूस थांबतो आणि विचारतो, ऐकू येतंय ना?

कचऱ्याचं प्रकरण मला शेजारच्या आजींनी शिकवलं. मी बाटल्यांची पिशवी ठेवून निघाले होते. त्यांनी हाक मारली, नळाशी नेलं, एक बाटली घेतली. झाकण काढलं, वेगळं ठेवलं. नखानं लेबलाची कड शोधली, फरकन सोलून काढलं. थोडं पाणी घालून खळखळवलं, ओतलं, बाटली पायाखाली चपटी केली. मग दुसरी माझ्या हातात दिली आणि बघत उभ्या राहिल्या. सगळ्या बाटल्या होईपर्यंत त्या हलल्या नाहीत. कुठल्या वाराला कुठला कचरा त्याचा तक्ता पालिकेतून मिळतो, जळणाऱ्या कचऱ्याला पालिकेच्या विकतच्या पिशव्या लागतात. तक्ता फ्रिजवर चिकटवा, पण शेजाऱ्यांना एकदा विचाराही. माझी ओळख तिथूनच सुरू झाली.

शाकाहारी असाल तर एक पक्कं ध्यानात ठेवा: 'निकु' म्हणजे मांस नको म्हटलं तरी मासा येतो, आणि मासा नको म्हटलं तरी रश्शात कात्सुओ माशाची 'दाशी', म्हणजे अर्काचं पाणी, असतेच. मिसो सूपमध्ये, भाजीत, नूडल्सच्या पाण्यात. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा: "निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ नो दाशी मो दामे देसु." म्हणजे मांसही खात नाही, मासाही खात नाही, कात्सुओची दाशीही चालत नाही. बाहेर खाणं अवघड जातं, घरी मात्र अजिबात अडत नाही. लाल भोपळा अप्रतिम मिळतो, भेंडी मिळते, नेपाळी आणि भारतीय दुकानांत तूरडाळ मिळते. भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, 'किनाको', तुपात परतून मी दिवाळीत लाडू वळले. वास थेट बेसनाचा आला.

मन उदास झालं की मी कोराकुएनला जायचे. इकेदा त्सुनामासा या सरदारानं करवलेली ही बाग 1700 साली पुरी झाली. आसाही नदीच्या बेटावर ती आहे, पलीकडे काळा किल्ला. तो 1945 च्या हवाई हल्ल्यात जळला, 1966 मध्ये पुन्हा उभा केला. बागेत भाताचं छोटं खाचर आहे, चहाचा मळा आहे. त्या खाचरापाशी बसलं की मावळ आठवायचा. पुण्याची बाग आधी पाहून जा, मग इथल्या वाटा ओळखीच्या वाटतात.

मार्चअखेर निघाले तेव्हा शेजारच्या आजी दारात आल्या. 'सायोनारा' म्हणायचं म्हणून मी रात्री घोकलं होतं, तोंडातून निघालं "इत्ते किमासु". त्यांनी माझी बॅग सरळ केली आणि म्हणाल्या, "इत्ते राश्शाइ." जाऊन ये.