मोड

बायको आठ दिवसांसाठी बहिणीकडे नाशिकला गेली आणि जाताना फ्रिजवर चिठ्ठी लावून गेली. दूधवाल्याचा हिशेब, कुंड्यांना पाणी, आणि शेवटची ओळ : ‘मंगळवारी मटकी भिजत घालणे’. पुढचं काहीच नाही. चाळीस वर्षांच्या संसारात मटकीला मोड आपोआप येतात अशीच माझी समजूत होती, आणि ती तशी राहू देण्यात तिचाही हात होता.

पहिला प्रयोग फसला. दिवसभर भिजलेली मटकी मी जेमतेम निथळली, हवाबंद डब्यात भरली आणि चारही बाजूंनी टक् टक् करून झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी रात्री उघडलं तर आंबूस भपका. मोड एकही नाही, दाणे मात्र बुळबुळीत. फोन लावला.

“अहो, झाकण लावलंत? जीव असतो त्यात. गुदमरली बिचारी.”

दुसऱ्या खेपेला जुन्या पंचाचा तुकडा, सैल पुरचुंडी, खाली चाळण, वर पातेलं उपडं. सकाळी चहा टाकायच्या आधी पातेलं उचलून पुरचुंडीत बोटं घातली आणि दचकलो. आतून गरम होती. कोमट म्हणा हवं तर. नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणात हात जावा, तशी. ओटा गार, चाळण गार, जानेवारीतली हवा गार, आणि मधे ही ओंजळभर ऊब. ही कुठून आली? गॅस तर मी अजून पेटवलाही नव्हता.

नात अकरावीला आहे, सायन्सला. ती क्लासला जाता जाता डोकावली, पुरचुंडीला हात लावून म्हणाली, “रेस्पिरेशन आहे आबा. श्वास घेतेय मटकी.”

“नाक कुठाय तिला?”

“नाक म्हणजे नुसतं दार रे. खरं श्वसन आत होतं, एकेका पेशीत.” आणि जीवशास्त्राचं पुस्तक माझ्या पुढ्यात टाकून गेली.

मी बी.कॉम. माणूस. पण चाळता चाळता एक वाक्य सापडलं आणि मी खुर्चीत सावरून बसलो. ए.टी.पी. नावाचा एक रेणू म्हणे पेशीचं ‘ऊर्जेचं चलन’ आहे. चौतीस वर्षं मी एका बँकेत कॅश काउंटरवर काढली. चलन हा आपला विषय.

अन्नात ऊर्जा असते हे आपण शाळेपासून ऐकतो. पण ती ज्या रूपात असते त्या रूपात पेशीला तिचा काडीइतका उपयोग नाही. ग्लुकोजचा एक रेणू म्हणजे मोठी नोट. पेशीची कामं सगळी चहा-बिडीच्या भावाची : इथे स्नायूचा एक धागा जरासा ओढायचा, तिथे सोडियमचे तीन कण दाराबाहेर काढायचे. नोव्हेंबर २०१६ मधे काउंटरच्या अलीकडे बसून मी हे रोज पाहिलंय. खिशात दोन हजारांची करकरीत नोट, आणि कटिंगचे दहा रुपये द्यायची पंचाईत. पैसा होता, मोड नव्हती.

तर पेशीत जे चालतं ते नोट मोडणं. साखर विस्तवावर टाकली तर एका भडक्यात सगळी ऊर्जा मोकळी होते आणि कुणाच्याच हाती काही लागत नाही. पेशी तीच साखर टप्प्याटप्प्याने मोडते. पहिल्या दहा पायऱ्या पेशीच्या पडवीतच होतात. सहा कार्बनच्या ग्लुकोजचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे. आधी पदरचे दोन ए.टी.पी. घालायचे तेव्हा चार मिळतात. निव्वळ कमाई दोन. भांडवल घातल्याशिवाय धंदा उभा राहत नाही हे इथेही खरं निघालं. मग ते तुकडे आत, तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रिया म्हणतात तो पेशीतला चिमुकला कप्पा) जातात. तिथे एक चक्र फिरत असतं. हान्स क्रेब्ज या शास्त्रज्ञाने ते १९३७ साली इंग्लंडमधे शेफील्डला, कबुतराच्या छातीच्या स्नायूवर प्रयोग करून उलगडलं. नाझींनी नोकरीवरून काढल्यामुळे जर्मनी सोडून आलेला माणूस. त्याचा हा शोधनिबंध ‘नेचर’ नियतकालिकाने, सध्या आमच्याकडे मजकूर खूप आहे म्हणून परत केला, आणि १९५३ मधे त्याच कामाला नोबेल मिळालं. साभार परत आलेली पाकिटं जपून ठेवणाऱ्या सगळ्यांच्या माहितीसाठी.

या चक्रात कार्बनचा एकेक तुकडा सुटून कार्बन डायऑक्साइड होतो आणि आपण तो उच्छ्वासातून बाहेर टाकतो. वजन कमी झालेल्या माणसाची चरबी गेली कुठे, याचं उत्तर हेच. घामातून नव्हे, दहा किलो चरबीतली आठ किलोंहून अधिक नाकातोंडावाटे, वायू होऊन जाते. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावर मी हे सांगितलं तर दोघांनी तिथल्या तिथे जोरजोरात श्वास सोडून पाहिले.

पण मला अडकवलं ते ऑक्सिजनने. मला वाटायचं, प्राणवायू आत जातो आणि तो अन्नाला भिडून जाळतो. तसं नाही. अन्नातले इलेक्ट्रॉन हातोहात पुढे सरकत जातात आणि ऑक्सिजन उभा असतो अगदी शेवटी, ते वापरून झालेले इलेक्ट्रॉन घ्यायला. ते घेऊन त्याचं पाणी होतं. एवढंच त्याचं काम. पण शेवटच्या काउंटरवरचा माणूस उठून गेला की रांग दारापर्यंत तुंबते, हे मला कुणी शिकवायला नको. सायनाइडचं विष नेमकं हेच करतं, त्या शेवटच्या खिडकीला टाळं लावतं. हवा भरपूर असते, रक्तात ऑक्सिजनही असतो, घेणारं कुणी नसतं.

माझ्या पहिल्या मटकीचं काय झालं ते आता कळलं. डब्यातली हवा तिने संपवली. मग आतलं सगळं ठप्प, पडवीतल्या दोन ए.टी.पी.वर गुजराण. उरलेल्या तुकड्यांचं दाण्यात थोडं मद्य झालं असणार, वरून जिवाणूंनी आपला आंबटपणा चढवला.

आजोळी, सोलापूरकडे, ज्वारीचं पेव होतं. जमिनीत खोल खणलेलं, वरून माणूस उतरेल एवढंच तोंड. पेव उघडलं की आजोबा कुणाला लगेच उतरू देत नसत. आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे. विझला तर तोंड उघडं टाकून थांबायचं. आम्हा पोरांना वाटायचं, खाली काहीतरी राहतं. राहत होती ती ज्वारीच. महिनोन्महिने अंधारात हळूहळू श्वास घेत तिने आतला ऑक्सिजन संपवलेला असायचा आणि जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साचून राहायचा. त्यात कीडही मरायची, म्हणून तर धान्य टिकायचं. आणि घाईने उतरलेली माणसंही मेलेली आहेत. धान्य जिवंत आहे हे आजोबांना कंदिलाने सांगितलं होतं.

एका नोटेची मोड किती येते? नातीच्या आईने, म्हणजे माझ्या लेकीने, बारावीत एका ग्लुकोजचे ३८ ए.टी.पी. पाठ केले होते आणि त्याचे मार्कही मिळवले होते. आता ३० ते ३२ धरतात. मधे कुणी चोरी केलेली नाही. माल आत-बाहेर नेण्याचा खर्च आणि पडद्यातून होणारी गळती आधी धरलीच नव्हती, एवढंच. लेकीला सांगितलं तर म्हणाली, “मार्क परत मागणार आहेत का?”

या हिशेबात शंभरातले चाळीसेकच हाती येतात. उरलेले साठ जातात कुठे?

पूर्वी गावोगावची नाणी वेगळी असत तेव्हा सराफ ती बदलून देताना काही पैसे कापून घ्यायचा. त्याला बट्टा म्हणत. पुरचुंडीतली ऊब हा बट्टा आहे. मटकी आपल्या पोटातली पिष्टाची पुंजी मोडून मुळाला, कोंबाला पैसे पुरवत होती आणि दर व्यवहारात कापलेला बट्टा माझ्या बोटांना गरम लागत होता. आपली ३७ अंशांची ऊबही बरीचशी याच बट्ट्याची. स्वस्थ बसलेला माणूस ऐंशीएक वॅटने तापत असतो. तीनशे पाहुण्यांच्या मंगल कार्यालयात म्हणजे डझनभर गीझर चालू. तरी लोक केटररला म्हणतात, पंखे वाढवा.

हा बट्टा वाढवता येतो का? येतो, पण ते प्रकरण भयंकर आहे. तंतुकणिकेच्या आतल्या पडद्याआड हायड्रोजनचे आयन धरणातल्या पाण्यासारखे साठवलेले असतात आणि ते एका फिरत्या यंत्रातून खाली येताना ए.टी.पी. घडतं. पीटर मिचेल या इंग्रजाने १९६१ मधे हे मांडलं तेव्हा पुष्कळांनी ते मोडीत काढलं. १९७८ मधे त्यालाही नोबेल. हे यंत्र खरंच गरगर फिरताना जपानी शास्त्रज्ञांनी १९९७ मधे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. आता या धरणाला भोक पडलं तर? पाणी वाहून जाईल, मोड काही मिळणार नाही, सगळी नोट बट्ट्यातच जाईल. डायनायट्रोफिनॉल नावाचं रसायन तेच करतं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगार ते हाताळताना घामाघूम होत, रोडावत, काही दगावत. १९३३ मधे अमेरिकेत वजन उतरवायचं औषध म्हणून ते विकायला निघालं. वजन उतरायचंच. काही माणसं मात्र आतल्या आत तापून मेली, आणि १९३८ मधे ते बंद झालं.

निसर्ग हीच गळती जपून वापरतो. तान्ह्या बाळाला कुडकुडता येत नाही, म्हणून त्याच्या पाठीशी एक तपकिरी चरबी असते, जी नुसता बट्टा कापण्यासाठीच जळते. आणि कमळ! कमळाचं फूल आपला गाभा ३० ते ३५ अंशांवर धरून ठेवतं, बाहेर हवा १० अंशांवर उतरली तरी. फुलाच्या पोटात शिरलेल्या भुंग्याला रात्रभर ऊब. कमळात अडकलेल्या भुंग्यावर आपल्याकडे कविता काही कमी झाल्या नाहीत, पण तो आत शेकत बसला असेल ही शंका बहुधा कुणाला आली नाही.

हे नाणं, म्हणजे ए.टी.पी., सापडलं १९२९ मधे. जर्मनीत कार्ल लोमान यांना, आणि त्याच सुमारास हार्वर्डमधे सायरस फिस्क आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. बॉस्टनला शिकायला गेलेल्या या डॉक्टरने पोटासाठी रुग्णालयात हमाली केली, रुग्णांची भांडी धुतली. पुढे त्यांच्याच हाताखालच्या प्रयोगशाळेतून हत्तीरोगावरचं औषध निघालं. गडचिरोली-चंद्रपूरकडे आरोग्यसेविका घरोघरी जाऊन समोर गिळायला लावतात त्या डी.ई.सी.च्या गोळ्या त्याच. नावाचा गवगवा मात्र त्यांच्या वाट्याला आला नाही.

मला सगळ्यात आवडलेला आकडा वेगळाच आहे. कुठल्याही क्षणी अंगात ए.टी.पी. असतं फक्त पन्नास ते शंभर ग्रॅम. पण दिवसभरात आपण वापरतो जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं! तोच रेणू मोडतो, पुन्हा घडतो, पुन्हा मोडतो, दिवसातून काही शे वेळा. गल्ल्यात शंभर रुपये आणि दिवसाची उलाढाल अर्ध्या लाखाची. आमच्या शाखेत असा कॅशियर निघाला असता तर दुसऱ्याच दिवशी ऑडिट लागलं असतं. मग चरबी म्हणजे मुदत ठेव, यकृतातलं ग्लायकोजन म्हणजे बचत खातं, असं मी रंगात येऊन नातीला सांगायला लागलो, तर ती म्हणाली, “आबा, पुरे. परीक्षेत हे लिहिलं तर शून्य मिळेल.”

दुपारी पुरचुंडी सोडली. काही मोड पंचाच्या विणीतून आरपार गेले होते, ते ओढून काढताना तुटले. निम्म्या मटकीची उसळ केली. मीठ आधी घातलं, ते शेवटी घालायचं असतं असं फोनवर कळलं. उरलेली तशीच बांधून फ्रिजमधे ठेवली.

दोन दिवसांनी बायको आली. पिशवी टेकवायच्या आधी तिने फ्रिज उघडला, पुरचुंडी बाहेर काढली, नाकाशी धरली, काही बोलली नाही, आणि ओट्यावर ठेवून हातपाय धुवायला गेली. मी हात लावून पाहिला. गारठोक होती, जणू झोपली होती. तासाभराने, तिचं लक्ष नाही असं बघून पुन्हा लावला. गारवा गेला होता.