राऊटरच्या नावातला गोवा

सव्वानऊलाच लोअर परळच्या क्लायंटचा फोन. माणसं परळला, सर्व्हर ऐरोलीत, आणि प्रत्येक स्क्रीन उघडताना अडकतेय. एवढ्या अंतराला पिंग, म्हणजे डेटा जाऊन उत्तर परत यायचा वेळ, दोन-तीन मिलिसेकंदांचा यावा. येत होता ११६.

टीममध्ये नव्यानेच आलेली सावंतवाडीची मुलगी ट्रेसराऊट, म्हणजे डेटा वाटेत कुठून कुठून जातो ते दाखवणारा प्रोग्रॅम, लावून बसली होती. एकदम ओरडली, "सर, सापडलं! ट्रॅफिक गोव्यावरून चाललंय!"

सहाव्या हॉपच्या, म्हणजे डेटा पुढे पाठवणाऱ्या वाटेतल्या सहाव्या राऊटरच्या, नावात मधोमध 'जीओए' होतं.

राऊटरला नाव कसं द्यावं याची सक्ती नाही. पण बऱ्याच कंपन्यांत शहरासाठी विमानतळाचा तीन अक्षरी कोड घालायची सवय पडली आहे. चेन्नई 'एमएए', कोलकाता 'सीसीयू'. १९९५ मध्ये बॉम्बेची मुंबई झाली, पण विमानतळाचा कोड 'बीओएम'च राहिला आणि राऊटरही बॉम्बेतच राहिले! तेव्हा पोरीचा तर्क बरोबर होता, फक्त गोव्याच्या दाबोळी विमानतळाचा कोड 'जीओआय' आहे. 'जीओए' म्हणजे इटलीतलं जिनोआ.

"अगं, ११६ मिलिसेकंदांत तुझ्या गोव्याला दहा वेळा जाऊन येशील," मी म्हटलं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन १ मिलिसेकंदात फार तर १०० किलोमीटर लांबचं ठिकाण गाठता येतं. नुसत्या नावावर मी कधीच विसंबत नाही. राऊटरचा डबा दुसऱ्या शहरात हलवतात आणि नाव बदलायचं राहून जातं. पण जिनोआ इथून ६,००० किलोमीटरच्या वर, त्यात केबल समुद्रातून वळसे घेत जाणार. ११६ पटण्यासारखं होतं.

"मग सर, शेवटचा हॉप ऐरोलीचा. तोही ११६च कसा? इटलीहून ऐरोली शून्य वेळात?"

मी गप्प. चहा गार झाला तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. ट्रेसराऊट फक्त जाण्याचा रस्ता दाखवतो, वेळ मात्र जाण्या-येण्याची मिळून असते. डेटाचं पॅकेट जिनोआला जाऊन परत आलं तर ११६. जिनोआवरून ऐरोलीला गेलं आणि तिथून सरळ परळला आलं, तरी प्रवास जवळपास तेवढाच. म्हणजे जाताना इटली, येताना ठाणे-बेलापूर रोड!

ऐरोलीच्या माणसाला उलटा ट्रेस लावायला सांगितलं. तीन हॉप, सगळे मुंबईतले.

म्हणजे ऐरोलीवाल्यांची चूक नव्हती. मुंबईतली थेट जोडणी चालू असताना आमचाच राऊटर परदेशी लिंकला पसंती देत होता. रात्रीच्या मेंटेनन्समध्ये कुणीतरी त्या लिंकच्या लोकल प्रेफरन्सचा आकडा (ज्याचा आकडा मोठा, तो रस्ता राऊटर निवडतो) चढवून ठेवला होता. लॉग उघडला. रात्री १:४०, लॉगिन माझं.

आकडा उतरवला, पिंग ३ वर आला. ती काही बोलली नाही. फक्त डब्यातली सोलकढी माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "घ्या सर, इटलीची आहे."