चावी फिरवली की नुसतं ‘टक्’

भुसावळचा पारा ४५ अंशांवर गेला की मला माझ्या जुन्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारची घरच्या माणसासारखी काळजी वाटते. परवा चावी फिरवली, तर स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, नुसता ‘टक्’! शेजारचा मेकॅनिक म्हणे, “भो, बॅटरी बदलून टाक.” पण व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर बॅटरीवर १२.६ व्होल्ट दाखवत होता, म्हणजे चार्जिंग पूर्ण. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावली आणि पोराला चावी फिरवायला सांगितली. ०.२ व्होल्टच्या आत पाहिजे, तिथे २ च्या वर! म्हणजे बॅटरीकडे परतणारी वीज वाटेत अडतेय. दोष अर्थिंगच्या पट्टीचाच, बॅटरीचा निगेटिव्ह गाडीच्या सांगाड्याला (चॅसिस) आणि इंजिनला जोडणाऱ्या तारांच्या पट्टीचा. बोल्ट खोलला, तर तांब्याच्या तारांवर हिरवा थर, चॅसिसवर गंज. पॉलिश पेपरने घासून घट्ट आवळली. गाडी लगेच सुरू! पट्टी मात्र नवीनच टाकणार, जळगावहून मागवलीय.